मास्तरांच्या गाडीतला लांब स्क्रू

मामा,

त्या स्क्रूचं तुमच्याशी बोलायचं राहून गेलं.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. पेठ रोडची आपली शेड तशीच आहे. तुमचा वायरी तपासायचा टेस्ट लँप खिळ्याला टांगलेला आहे, वायर गुंडाळून, क्लिप आतल्या बाजूला, तुम्ही ठेवायचात तसा. मी शिलाई मशीनवर वही ठेवून लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तोंडानं सांगायला अकरा वर्षं होती, त्यात एकदाही जमलं नाही.

लोक दारावर येतात, बसतात आणि म्हणतात, मिस्तरींच्या हातात जादू होती. मला ते पटत नाही. जादू असती तर मला इतकं नवल वाटलं नसतं. जादूवाला काहीतरी लपवतो. तुम्ही काहीच लपवत नव्हता. बिघडलेली जुनी गाडी समोर घेऊन सगळं डोळ्यांदेखत करायचात, सावकाश, एक वायर झाली की दुसरी. मी हातभर अंतरावर उभी असायचे. तरी शेवटी दिवा लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. इतकी वर्षं बघूनही यायचा.

कळवणहून मला या घरी पाठवताना आईनं सांगितलं होतं, सासऱ्यासमोर पदर खाली आणि आवाज वर जाऊ द्यायचा नाही. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे ते जड गेलं नाही. पहिलं वर्षभर आपलं बोलणं आत्यांच्या, माझ्या सासूबाईंच्या, तोंडून व्हायचं. तुम्ही शेडमध्ये, मी स्वयंपाकघरात आणि दारात आत्या.

"तिला विचार, चहा टाकला का."

"टाकलाय म्हणते."

मी काही म्हटलेलं नसायचं, नुसती मान हलवलेली असायची.

मग तो दिवस आला. आत्या भाजीबाजारात गेल्या होत्या. तुम्ही एका खाकी रंगाच्या गाडीचं काम संपवून आत बसला होता, इंजिन चालू होतं. तुमचा नेम होता, मागं उभं राहून कुणीतरी दिवे लागले असं सांगितल्याशिवाय गाडी शेडमधून बाहेर काढायची नाही. चालवणाऱ्याला आपल्या गाडीची पाठ दिसत नाही, म्हणायचात.

"मागं कोण हाय? दिवे बघा रे कोणीतरी!"

कोणीच नव्हतं. मी होते. पदर सावरत जाऊन उभी राहिले. तुम्ही ब्रेक दाबलात आणि दोन लाल दिवे माझ्या पोटाच्या उंचीवर लागले.

"लागले," मी पदरातल्या पदरात म्हणाले.

"कोण हाय? काय म्हणतंय?"

"लागले."

तुम्ही इंजिन बंद केलं असतं तर ऐकू आलं असतं. आता वाटतं, मुद्दामच केलं नाहीत. खिडकीतून मान बाहेर काढलीत आणि माझ्याकडं न बघता, समोर रस्त्याकडं बघत म्हणालात, "सुनबाई, आवाज इंजिनाच्या वरून आला पाहिजे. मला हितं ऐकू येत नाय."

मी ओरडले. "लागले! दोन्ही लागले!"

नेमक्या त्याच वेळी आत्या पिशवी घेऊन फाटकात उभ्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिला आवाज हाय!"

तुम्ही हसला नाहीत. गाडी घेऊन निघून गेलात. दुसऱ्या दिवसापासून दिवे बघायचं काम माझं झालं.

तेव्हापासून मी तुमच्या कामाजवळ उभी राहायला लागले आणि मला प्रश्न पडायला लागले. एकदा दिसलं, की मागच्या दिव्याला एकच वायर जाते. घरात तर दोन असतात. मी आत्यांना विचारलं, आत्यांनी तुम्हाला. "ती म्हणते, दुसरी वायर कुठं गेली?"

तुम्ही हातातला पान्हा खाली ठेवलात. गाडीच्या टपावर थाप मारलीत. "दुसरी वायर ही. सगळी गाडी. करंट बॅटरीतून वायरीनं निघतो, दिव्यात काम करतो आणि पत्र्यातून घरी येतो."

मी त्या पत्र्याला हात लावला. गार होता. मला काही झालं नाही. अजूनही रस्त्यानं गाडी गेली की मला वाटतं, हिच्या अंगातून आत्ता काहीतरी घरी चाललंय आणि कुणाला दिसत नाही.

आणि एक पांढरी गाडी आली होती, तिचा ब्रेक दाबला की वळायचा पिवळा दिवा मिणमिणायचा. दोन ठिकाणी फिरून आली होती. दिवे बदलून झाले, वायरी बदलून झाल्या. तुम्ही दिव्यामागच्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासलीत, गंज काढलात, स्क्रू पुन्हा बसवलात. संपलं काम. "बिचाऱ्याला घरी जायला वाट नव्हती," म्हणालात, "म्हणून शेजाऱ्याच्या घरातून चालला होता." करंटबद्दल तुम्ही असं बोलायचात, जसा तो आपल्यातलाच कोणी आहे. मी त्या घासलेल्या चकचकीत जागेकडं किती वेळ बघत राहिले होते. एवढ्याशा जागेनं अख्खी गाडी वेडी केली होती.

मी घरात ब्लाउज शिवायचे. तुम्हीच आत्यांकडून निरोप दिलात, गाड्या इथं आठ-आठ दिवस उभ्या असतात, त्यांची सीट कव्हरं बाहेर कशाला शिवायला द्यायची. शेडचा हा कोपरा मला मोकळा करून दिलात. मी कव्हरं शिवायला लागले, खाली मॅटिंग टाकायला लागले. तुमचं बोनेटमध्ये डोकं, माझं सीटखाली. असे दिवस गेले आपले.

आता स्क्रूचं.

देवळ्याचे मास्तर तुम्हाला आठवतात का, हे काय विचारायचं. रिटायर झालेले, त्यांची निळी जुनी गाडी आणि त्यांच्या काकू. त्यांनी नवीन कव्हरं आणि मॅटिंग सांगितलं होतं. मॅटिंग घालायला मी दाराच्या उंबऱ्यावरची लोखंडी पट्टी काढली. तिला चार आखूड, बोथट स्क्रू होते. सगळं झाल्यावर पट्टी परत बसवताना एक स्क्रू हातातून सटकला, घरंगळला आणि गटारीत गेला.

तुम्ही दहा पावलांवर होता. तुमच्याभोवती चार गिऱ्हाइकं उभी होती. "मामा, एक आखूड स्क्रू द्या." पाच शब्द म्हणायचे होते. मी ते मनात तीनदा म्हटले. मग उठले आणि शेडचे पत्रे ठोकून उरलेल्या स्क्रूंच्या खोक्यातला एक घेतला. लांब होता, टोकदार होता. पण काय घट्ट बसला! मला उलट बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी मास्तर परत आले.

"मिस्तरी, ब्रेकलाइटचा फ्यूज उडतोय. देवळ्यात स्विच बदलला, होल्डर बदलले. उडतोच. आणि एक सांगतो, रागावू नका. हिला गाडीत घेतलं की उडतो."

"ऐका!" काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या. "घरात भांडं पडलं तरी मी. गाडीचा फ्यूज गेला तरी मी. मी काय बाँब हाय का?"

दुसरा कोणी असता तर हसून वायरी उचकायला लागला असता. तुम्ही हसला नाहीत. स्टुलावर बसलात आणि विचारायला लागलात. मास्तर एकटे असताना कधी गेला? कधीच नाही. पुतण्या बरोबर होता तेव्हा? नाही. पुतण्या कुठं बसतो? पुढं. काकू कुठं बसतात? मागं, डाव्या बाजूला, पुढं ऊन लागतं म्हणून. तुम्ही अजून बोनेटही उघडलं नव्हतं. वायरी सोडून माणसं तपासत होता. मी सुईत दोरा ओवायचं थांबवून ऐकत होते. मला अजून काही कळलं नव्हतं.

मग तुम्ही जळलेला फ्यूज काढलात आणि त्याच्या जागी दोन वायरींना लावून एक दिवा जोडलात. तो माझ्या हातात दिलात.

"फ्यूज एकदाच जळतो आणि गप होतो," मास्तरांना सांगितलंत. "दिवा जळून जात नाय. तो सांगत राहतो." मग मला म्हणालात, "वायर ठीक हाय तोवर मंद राहील. कुठं पत्र्याला टेकली की लख्ख होईल. बोलत राहा."

मास्तर ब्रेकवर पाय देऊन पुढं बसले.

"काकू, बसा."

"मंद," मी म्हणाले.

"उतरा."

"मंद."

"बसा."

"मिस्तरी, गुडघे गेले माझे."

"अजून एकदा, काकू. उतरा. सावकाश, रोज उतरता तशा."

आठ की नऊ वेळा झालं असेल. मग उतरताना काकूंनी उंबऱ्यावर पाय दिला, अंगाचा भार टाकला आणि माझ्या हातातला दिवा असा पेटला की डोळे दिपले.

"लख्ख!"

"थांबा! काकू, पाय तसाच ठेवा!"

"असाच? एक आत, एक बाहेर? मी काय बगळा हाय का?"

तुम्ही जाऊन त्यांच्या पायाशी बसलात. काकू अवघडल्या, "अहो, पायाशी नका बसू, तुम्ही मोठे," म्हणायला लागल्या. तुमचं लक्ष नव्हतं. त्यांना हळूच पाय उचलायला लावलात आणि त्या पट्टीवर एकेका स्क्रूशी अंगठा दाबत गेलात. पहिला. मंद. दुसरा. मंद.

मामा, मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा अंगठा तिसऱ्यावर जायच्या आधी. कुठला स्क्रू कुठं मारला ते ज्यानं मारला त्याला आठवतं. तुमचा अंगठा खाली गेला आणि दिवा लख्ख झाला.

मी दिव्याकडं बघत राहिले. तुम्ही मान वर केलीत. "सुनबाई?"

"लख्ख," मी म्हणाले.

दिवा हातात इतका गरम झाला होता की धरवत नव्हता. पण सोडला नाही.

तुम्ही स्क्रू काढलात. लांब, टोकदार. त्याच्या टोकानं पट्टीखालून मागं जाणाऱ्या वायरीची साल सोलली होती. कुणी भार टाकला की ती वायर त्याला टेकत होती, त्यात ब्रेक दाबला की फ्यूज गेलाच. अंगभर वायरी असलेल्या गाडीत दाण्याएवढी ती जागा. तुम्ही ती एका बाईच्या पावलावरून शोधलीत.

स्क्रू तुम्ही तळहातावर घेतलात. मग वर बघितलंत. वर आपल्या शेडचे पत्रे होते, त्यात तसेच स्क्रू रांगेनं मारलेले. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

"हा कोणी मारला इथं?" मास्तरांनी विचारलं.

"मी," तुम्ही म्हणालात. "माझ्याच हातून झालं. घाईत होतो."

"मिस्तरी! तुम्ही?" मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला. "आणि मी बायकोला बोल लावत होतो!"

"तेच म्हणते," काकू म्हणाल्या. "आता माझी माफी कोण मागणार?"

तुम्ही काकूंना हात जोडलेत. मी दिवा धरून उभी. इंजिन बंद होतं, शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. कुजबुजले असते तरी ऐकू गेलं असतं. तरी तोंड उघडलं नाही.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी या मशीनवर पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. त्यावर तुम्ही पेननं गाडीचं चित्र काढलं होतं, वरून दिसते तसं, चार दारं, चार उंबरे, आणि जिथं जिथं स्क्रू असतात तिथं तिथं भोकं पाडली होती. काढलेला स्क्रू ज्या त्या भोकात खोचायचा म्हणजे हरवत नाही. शेजारी एक चपटी डबी, आखूड स्क्रूंनी भरलेली. मागायला लागू नये म्हणून. मी पदर तोंडाला लावून तिथंच बसले होते, तुम्ही बोनेटमध्ये डोकं घालून होता.

तो पुठ्ठा भोकं मोठी होऊन फाटला की तुम्ही नवीन करायचात. आत्ताचा पाचवा आहे.

पण मास्तर विसरले नाहीत ना. दर खेपेला यायचे आणि फाटकातूनच सुरू व्हायचे. "मिस्तरी, आज स्क्रू मोजलेत का?" "मिस्तरी, घाईत तर नाही ना?" देवळ्यात सांगितलं, इथं चहाच्या टपरीवर सांगितलं. प्रेमानंच सांगायचे. तुम्ही हसायचात. मी मशीन जोरात चालवायचे. तुम्ही कुणाची वायर कधी विनाकारण कापली नाहीत. उघडलेल्या वायरीला परत टेप गुंडाळायचात तो आधीच्यापेक्षा नीट. त्या तुमच्या नावाला एकच डाग होता आणि तो माझा होता.

एकदा मी सुरुवात केली होती. आत्या गेल्या त्या वर्षी. मध्ये सांगणारं कोणी उरलं नव्हतं, आता आपल्यालाच बोलावं लागणार होतं. "मामा, ते मास्तरांच्या गाडीचं..."

"ही हॉर्नची वायर धर," तुम्ही म्हणालात.

मी धरली. हॉर्न एवढ्या मोठ्यानं वाजला की पुढचं सगळं त्यात गेलं. तुम्ही गालात हसत होता. मला तेव्हा राग आला होता, मामा. आजही थोडा आहे. तुम्ही मला वाचवलंत ते खरं, पण माझी चूक माझ्याकडं राहू दिली नाहीत. ती माझ्याजवळ असती तर मी कधीतरी ती उतरवली असती. तुमच्याजवळ होती म्हणून ती मला रोज दिसायची. याच्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत नाही. काहीतरी धरायला दिलं असतंत.

तुमचं दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर आणि काकू आले. तीच निळी गाडी. मास्तर आता काठी घेऊन चालतात, कमी ऐकू येतं. शेडमध्ये सतरंजीवर दहा-बारा माणसं बसली होती. मास्तरांनी काठी बाजूला ठेवली. मग तुमचं सांगायला लागले, तुमचे प्रश्न, तो दिवा, काकूंचा बगळा. लोक हसले. मास्तरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "एवढा मोठा मिस्तरी. आयुष्यात एकच स्क्रू चुकला."

मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर वाकले होते.

"तो स्क्रू मी मारला होता," मी म्हणाले.

मास्तरांनी कानामागं हात नेला. "काय म्हणते सून?"

"काही नाही मास्तर," तुमचा मुलगा म्हणाला. "चहा घ्या म्हणते."

अगदी आत्यांसारखं. मी ट्रे खाली ठेवला. बाहेर पेठ रोडवरून ट्रक चालले होते, त्यांचा आवाज होता. मला तुमचं वाक्य आठवलं, असं लिहायला पाहिजे, पण काहीच आठवलं नाही. नुसता आवाज आला. पोटातून आला.

"चहाचं नाही म्हणत मी! तो लांब स्क्रू मी मारला होता, मास्तर! आखूड गटारीत पडला, मामांकडं दुसरा मागायची लाज वाटली म्हणून पत्र्याचा मारला. मामांनी नाही मारला. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. त्यांच्या हातून वायरीला कधी ओरखडासुद्धा आला नाही!"

सगळे माझ्याकडं बघत होते. माझा पदर कुठं होता मला माहीत नाही.

काकू आतल्या दारात आल्या होत्या. "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं पोटात ठेवलंस, पोरी?"

मास्तरांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मी त्यांना इतकी वर्षं चिडवत होतो," ते म्हणाले. "आणि ते हसत होते. माफी मागायलासुद्धा जागा ठेवली नाही की गं त्यांनी."

 चहा गार झाला.

जाताना काकू माझ्या गालावरून हात फिरवून मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या. मास्तरांनी इंजिन चालू केलं. गाडी हलेना. हे पुढं जाऊन विचारायला लागले, काय झालं, गिअर पडत नाही का. मास्तर समोर बघत बसून राहिले, पाय ब्रेकवर.

मला कळलं ते कशासाठी थांबलेत.

मी मागं जाऊन उभी राहिले.

"लागले, मास्तर! दोन्ही लागले!"

आवाज इंजिनाच्या वरून गेला, मामा. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यांनासुद्धा गेला. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि गाडी निघाली. मी रस्त्यापर्यंत मागं मागं गेले. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला.

दोन्ही लागले.